शस्त्रक्रियेआधीचं पेंटिंग: बीटाडीन, स्पिरिट की क्लोरहेक्झिडिन?

कात्रीचिमटा (धागाकर्ता):

छोट्या नर्सिंग होमपासून सिव्हिलपर्यंत बहुतेक ठिकाणी पेशंट टेबलावर आला की पेंटिंगचा, म्हणजे छेदाआधी कातडीला जंतुनाशक लावण्याचा, क्रम ठरलेला असतो: सॅव्हलॉन, मग स्पिरिट, मग बीटाडीन. काही ठिकाणी स्पिरिट शेवटी, काही ठिकाणी बीटाडीनचेच दोन हात. असं का, विचारलं तर 'पहिल्यापासून असंच' एवढंच उत्तर मिळतं. टाके पिकले की आपण अँटिबायोटिक बदलतो. पण कातडीला काय लावलं होतं, किती वेळ ठेवलं, वाळू दिलं का, हे केसपेपरवर सापडत नाही.

चर्चेला सुरुवात म्हणून एवढं मांडतो. अवजारं निर्जंतुक होतात, कातडी होत नाही. वरच्या थरातले जंतू मारता येतात. केसांच्या मुळाशी आणि तैलग्रंथींत दडलेले, साधारण पाचवा हिस्सा, कुठल्याच द्रावणाच्या हाती लागत नाहीत. म्हणजे पेंटिंगची कामं दोन: छेद घेण्याच्या क्षणी जंतूंची संख्या होईल तितकी खाली आणायची, आणि ऑपरेशन चालू असताना खालून वर येणाऱ्यांना थोपवून धरायचं. पहिलं काम अल्कोहोल झपाट्यानं करतं. दुसऱ्यासाठी कातडीवर काहीतरी मागे उरावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बाटली कुठली यावर भांडण्यापेक्षा घड्याळ बघावं. आता ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा. अनुभवकथन नको, कृती आणि कारण हवं.

सूक्ष्मदर्शी:

चांगला विषय. द्रावणं आधी नीट वेगळी करून घेऊ, कारण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) 'बीटाडीन' म्हणून चार वेगळ्या गोष्टी फिरत असतात.

अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट (इथिल किंवा आयसोप्रोपिल): ६० ते ९० टक्के या पट्ट्यात उत्तम काम करतं. त्यात पाणी लागतंच; पाण्याशिवाय जंतूंची प्रथिनं नीट साकळत नाहीत, म्हणून शुद्ध अल्कोहोल ७० टक्क्यांपेक्षा कमी पडतं. मारक वेग सगळ्यांत जास्त, पण उडून गेलं की मागे काही राहत नाही. बीजाणूंवर परिणाम शून्य. धनुर्वाताचे किंवा गॅस गँगरीनचे बीजाणू स्पिरिटमध्ये खुशाल जिवंत राहतात.

पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे बीटाडीन: १० टक्के द्रावणात उपलब्ध आयोडीन १ टक्का असतं. पोव्हिडोन हा आयोडीनचा साठा. त्यातून थोडंथोडं मुक्त आयोडीन सुटतं आणि तेच जंतू मारतं. जीवाणू, बुरशी, विषाणू सगळ्यांवर चालतं. दोष दोन. वेळ लागतो, किमान दोन-तीन मिनिटं. आणि रक्त, पू, स्राव लागला की आयोडीन त्यातच खर्ची पडतं. द्रावण पातळ केलं तर मुक्त आयोडीनचं प्रमाण आधी वाढतं हे खरं आहे, पण साठा आटलेला असल्यामुळे रक्ताच्या पहिल्या धारेला ते संपतं. तेव्हा 'पातळ केलेलं जास्त जोरात' म्हणून कातडीसाठी पाणी घालू नये.

क्लोरहेक्झिडिन: धनभारित रेणू, कातडीच्या वरच्या थराला चिकटून बसतो आणि कित्येक तास काम करत राहतो. रक्तानं फारसा निष्प्रभ होत नाही. मात्र साध्या साबणाचे ऋणभारित रेणू त्याला निकामी करतात. साबणानं धुऊन न खंगाळता वर क्लोरहेक्झिडिन लावणं म्हणजे औषध नाल्यात ओतणं.

अवांतर: छेदाआधी कातडीला टिंक्चर आयोडीन लावायची पद्धत अँतोनियो ग्रोसिक या सर्जननं १९०८ मध्ये फ्यूमे इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकामध्ये, रूढ केली. ते अल्कोहोलमधलं आयोडीन होतं. पुढे जळजळ कमी म्हणून पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन आलं आणि अल्कोहोल मागे पडलं. आता शंभर वर्षांनी सगळे पुन्हा अल्कोहोलकडे वळलेत.

ओटीताई:

पेंटिंगच्या आधीचं लिहिते. अर्धं काम वॉर्डात होतं आणि तिथेच ते बिघडतं.

अंघोळ: आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी, साधा साबण चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही साधा किंवा जंतुनाशक, कुठलाही साबण चालेल असंच आहे. महत्त्वाचं म्हणजे अंग पूर्ण पुसून कोरडं करणं आणि त्यानंतर तेल, पावडर, क्रीम काहीही न लावणं. खोबरेल तेल चोपडलेल्या कातडीवर पाण्यातलं बीटाडीन थेंब थेंब होऊन घरंगळतं, धरतच नाही. हळद आणि लेप असतील तर ते साबणानंच निघतात, स्पिरिटनं नुसते पसरतात.

अंगावरचं: करदोटा, ताईत, काळे दोरे, जोडवी, बांगड्या. करदोट्याबद्दल घरचे कचरतात, पण पोटाच्या आणि जांघेच्या ऑपरेशनला तो काढायलाच हवा. दोरा भिजला की वाळत नाही, खाली मळ असतो, आणि अल्कोहोलचं द्रावण शोषून धरतो. वॉर्डातच, नातेवाइकांसमोर, समजावून काढून त्यांच्या हातात द्यावा. टेबलावर कात्री लावली की विनाकारण वाद होतो.

मेंदी आणि नेलपॉलिश: मेंदीनं पेंटिंगला अडचण नाही, ती कातडीच्या मेलेल्या थरातला रंग आहे. अडचण पल्स ऑक्सिमीटरला होऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना आधी सांगावं.

बेंबी: लॅप्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या ऑपरेशनात) पहिलं छिद्र, म्हणजे पोर्ट, बहुधा तिथेच. वॉर्डात रात्री तेल किंवा साबणाच्या पाण्याचा बोळा ठेवून मळ मऊ करावा, सकाळी कापसाच्या काडीनं काढून धुवावं. हे ओटीत करायला घेतलं तर मळ स्वच्छ केलेल्या पोटावर सांडतो. तिथेच करायची वेळ आली तर बेंबी आधी, वेगळ्या काड्यांनी, मग हातमोजे बदलून बाकीचं पोट.

निरभ्र:

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आमच्याकडे अजून वस्तरा फिरवूनच पेशंट आत नेतात. त्यात चूक काय आहे? केस राहिले तर घाण नाही का राहणार?

ओटीताई:

निरभ्र, केस धुतले की ते कातडीइतकेच स्वच्छ असतात. वस्तऱ्यानं कातडीचा वरचा थर खरवडला जातो, डोळ्यांना न दिसणारे बारीक कापे पडतात, त्यांत रात्रभर जंतू वाढतात. आदल्या रात्री वस्तरा फिरवून ठेवणं हे त्यामुळेच सगळ्यांत वाईट. नियम असा: केस छेदाच्या आड येत नसतील तर हात लावू नका. येत असतील तर क्लिपरनं (केस कापायच्या मशिननं), त्याच दिवशी, शक्य तितक्या उशिरा, आणि ओटीच्या बाहेरच्या खोलीत. क्लिपरचं पातं दर पेशंटला नवीन किंवा निर्जंतुक केलेलं. कापलेले केस चिकटपट्टीनं टिपून घ्यायचे. केस काढायचं क्रीम काहींना पुरळ आणतं, म्हणून आदल्या दिवशी थोड्या जागेवर लावून बघितल्याशिवाय नको.

भूलभुलैया:

+१. वस्तरा पूर्ण बंद करायला ओटीतल्या ट्रॉलीवरून तो काढून टाकणं एवढा एकच उपाय चालतो. दिसला की कुणीतरी वापरतंच.

कात्रीचिमटा:

आता प्रत्यक्ष पेंटिंग. ताई, तुम्हीच लिहा, रेसिडेंट मंडळींना उपयोगी पडेल.

ओटीताई:

लिहिते. पोटाचं ऑपरेशन धरून चालू, म्हणजे सगळे अवघड कोपरे येतील.

हद्द: वर स्तनाग्रांची रेषा, खाली मांडीचा मध्य, दोन्ही बाजूंना टेबलापर्यंत. छेद वाढवावा लागला, ड्रेन (स्राव बाहेर नेणारी नळी) किंवा स्टोमा (पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड) काढावा लागला तरी हद्दीतच राहिला पाहिजे. कमी रंगवून मग ड्रेप (छेदाभोवती टाकायची निर्जंतुक चादर) सरकवणं हा सगळ्यांत नेहमीचा घोळ.

दोन्ही कुशींना शोषक पॅड किंवा घडी केलेला टॉवेल खोचायचा. पेंटिंग झालं की ड्रेप टाकण्याआधी तो काढायचा. तो राहिला तर पेशंट तासन् तास ओल्या कपड्यावर झोपतो.

अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन असेल तर: स्पंज होल्डरमध्ये गॉज घट्ट, ठिबकणार नाही इतपत भिजवलेला. छेदाच्या रेषेवर मागेपुढे घासायचं, दाबून, तीस सेकंद. नुसतं पुसून चालत नाही, कातडीच्या भेगांत आणि केसांच्या मुळाशी द्रावण जायला घर्षण लागतं. मग बाहेरच्या दिशेनं सरकत जायचं. कडेला पोचलेला गॉज परत मध्यावर आणायचा नाही, टाकून द्यायचा. जांघ, काख, स्तनाखालची घडी अशा दमट जागांना तीस सेकंद पुरत नाहीत, दोन मिनिटं घासावं लागतं. हातात धरायचे तयार ॲप्लिकेटर मिळतात त्यातला २६ मिलीचा साधारण ३३ × ३३ सेंटिमीटर जागेला पुरतो. मोठ्या पोटाला एक पुरत नाही. आणि लहान जागेला किंवा डोक्या-मानेला तो वापरू नये, उरलेलं द्रावण ओघळून साचतं.

पाण्यातलं बीटाडीन असेल तर: छेदाच्या रेषेपासून गोल गोल बाहेर, तीन वेगवेगळे गॉज, प्रत्येक वेळी मध्यापासून. मग हात जोडून उभं राहायचं. वाळेपर्यंत किमान दोन-तीन मिनिटं. गॉजनं टिपायचं नाही, टॉवेलनं वारा घालायचा नाही, आणि त्यावर स्पिरिट तर मुळीच फिरवायचं नाही. आयोडीनचा जो थर तासभर काम करणार असतो तो स्पिरिटचा एक हात पुसून नेतो. स्पिरिट लावायचंच असेल तर ते आधी, वाळू द्यायचं, मग बीटाडीन.

घाण जागा शेवटी: स्टोमा, फिस्टुला, उघडी जखम, गुदद्वार. स्टोमावर बीटाडीनचा गॉज झाकून ठेवायचा, बाकी पोट करायचं, शेवटी तो भाग करायचा आणि फोर्सेप्ससकट बाजूला द्यायचा.

आणखी एक. क्लोरहेक्झिडिन लागलेलं लिनन ब्लीचिंगच्या किंवा हायपोक्लोराइटच्या पाण्यात टाकलं तर तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे बसतात. धोब्याला दोष देऊ नका. ते कपडे आधी साध्या पाण्यानं खंगाळून क्लोरीन नसलेल्या डिटर्जंटनं धुवायचे.

भूलभुलैया:

ताईंनी 'साचतं' म्हटलं त्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण डोक्याच्या बाजूला बसून हे दिसतं आणि सर्जनच्या बाजूनं दिसत नाही.

७० टक्के अल्कोहोल पेट घेतं. वाळलं की धोका संपतो, ओलं असेपर्यंत नाही. बिनकेसाच्या कातडीवर किमान तीन मिनिटं. केसांत भिजलेलं असेल तर तासभर लागू शकतो. म्हणून दाट केसाळ डोक्यावर अल्कोहोलचं द्रावण आणि लगेच कॉटरी (विजेनं कापायचं, रक्त थांबवायचं उपकरण) ही जोडी नको. साचायच्या जागा: बेंबी, मानेची खोबण, कानामागे, पाठीखाली, जांघ, नितंबांची घडी. तिथून निघालेली वाफ ड्रेपखाली कोंडते, वरून कातडी कोरडी दिसते, आणि कॉटरीच्या पहिल्या ठिणगीला भडका होतो. अल्कोहोलची ज्वाला ओटी लाइटखाली जवळजवळ दिसत नाही. पहिली खूण म्हणजे ड्रेप तपकिरी होऊन आक्रसणं.

चेहरा, मान, छातीचा वरचा भाग असेल आणि मास्कवर ऑक्सिजन चालू असेल तर प्रकरण आणखी गंभीर. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली ठेवता येत असेल तर ठेवायचा. येत नसेल तर श्वासनलिकेत नळी घालून श्वासमार्ग बंदिस्त करायचा किंवा कॉटरी सुरू करण्याआधी ऑक्सिजन कमी करून काही मिनिटं थांबायचं. सर्जननं 'कॉटरी घेतोय' असं मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

पेशंटच्या अंगाला चिकटवलेल्या कॉटरीच्या प्लेटखाली द्रावण गेलं तर प्लेट सुटते आणि कडेला भाजतं. टूर्निकेटखालच्या (रक्तप्रवाह थांबवायला हातापायाला आवळलेल्या पट्ट्याखालच्या) कापसात गेलं तर तासभर दाबाखाली ओलं राहून रासायनिक भाजणं होतं. हे आयोडीननंही होतं, अल्कोहोलनंही. पट्टा सोडल्यावर गोल लाल कडं दिसलं की ते टूर्निकेटच्या दाबाचं समजलं जातं, बहुतेकदा ते द्रावणाचं असतं. उपाय सोपा: पेंटिंगआधी टूर्निकेटच्या खालच्या काठाला प्लास्टिकचा चिकट पट्टा गोलाकार लावून टाकायचा.

स्पायनल आणि एपिड्यूरलसाठी (पाठीच्या कण्यात सुई घालून द्यायच्या भुलीसाठी): क्लोरहेक्झिडिन मज्जासंस्थेला विषारी आहे. ब्रिटिश भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी त्यामुळे अल्कोहोलमधलं ०.५ टक्के सुचवलंय, २ टक्के नव्हे. ते पूर्ण वाळू द्यायचं, मग सुई. आणि वाटीतलं द्रावण स्पायनलच्या ट्रेवर ठेवायचंच नाही. २०१० मध्ये सिडनीत एका बाळंतिणीच्या एपिड्यूरलमध्ये सलाईनऐवजी क्लोरहेक्झिडिन गेलं आणि ती कायमची अपंग झाली. दोन पारदर्शक द्रावणं, दोन सारख्या वाट्या, लेबल नाही. ही कहाणी कुठल्याही ओटीत घडू शकते, म्हणून रंगीत द्रावण घ्या आणि लावून झालं की वाटी ट्रेवरून हलवा.

कात्रीचिमटा:

>>रंगीत द्रावण घ्या

याचा दुसराही फायदा. बिनरंगी क्लोरहेक्झिडिन लावलेल्या पोटावर सुटलेले पट्टे कळत नाहीत. बीटाडीनची लोकप्रियता निम्मी तरी त्याच्या रंगात आहे असं मला वाटतं.

अस्थिभंग:

मग आता मूळ भांडणाकडे येऊ या का? क्लोरहेक्झिडिन की आयोडीन? की धागाकर्त्यांनी घड्याळाचं नाव पुढे करून प्रश्न गुंडाळून ठेवलाय? :)

सूक्ष्मदर्शी:

येऊ या. अभ्यास क्रमानं ठेवले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

२०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकन अभ्यास: ८४९ रुग्ण. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन लावलेल्यांत जखमेचं इन्फेक्शन ९.५ टक्के, पोव्हिडोन आयोडीनमध्ये १६.१ टक्के. सगळं जग क्लोरहेक्झिडिनच्या मागे गेलं ते इथून. पण त्यातलं आयोडीन पाण्यातलं होतं. म्हणजे एका बाजूला दोन जंतुनाशकं, दुसऱ्या बाजूला एक. जिंकलं कोण, क्लोरहेक्झिडिन की अल्कोहोल, हे त्यातून सांगता येत नाही.

२०१६ मध्ये सिझेरियनवरचा अभ्यास, याच नियतकालिकात. या वेळी दोन्हीकडे अल्कोहोल. क्लोरहेक्झिडिन ४.० टक्के, आयोडीन ७.३ टक्के. इथे मात्र क्लोरहेक्झिडिनच्या पारड्यात खरं वजन पडलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन सुचवलं. अमेरिकेच्या सीडीसीनं (रोगनियंत्रण संस्थेनं) २०१७ मध्ये फक्त 'अल्कोहोल असलेलं द्रावण' एवढंच म्हटलं, सोबत काय ते मोकळं सोडलं.

२०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये फाल्कन नावाचा अभ्यास. हा आपल्यासाठी सगळ्यांत जवळचा, कारण भारतासह सात देशांत झाला, ५,७८८ रुग्ण, पोटाची ऑपरेशनं. अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्झिडिन विरुद्ध पाण्यातलं १० टक्के पोव्हिडोन आयोडीन. फरक सापडला नाही.

२०२४ मध्ये दोन. स्वित्झर्लंडमध्ये हृदयाच्या आणि पोटाच्या ऑपरेशनांत अल्कोहोलमधलं पोव्हिडोन आयोडीन क्लोरहेक्झिडिनपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं: इन्फेक्शन ५.१ विरुद्ध ५.५ टक्के. आणि अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या फ्रॅक्चर अभ्यासात बंद फ्रॅक्चरमध्ये अल्कोहोलमधलं आयोडीन पॉव्हाक्रिलेक्स सरस ठरलं: २.४ विरुद्ध ३.३ टक्के. उघड्या फ्रॅक्चरमध्ये फरक नाही.

माझं वाचन असं: अल्कोहोल असणं हे पहिलं. सोबत क्लोरहेक्झिडिन की आयोडीन हे दुसरं, आणि तिथे उत्तर जागेनुसार बदलतं.

कात्रीचिमटा:

फाल्कनबद्दल एक पुस्ती. तो अभ्यास 'स्वस्तातलं बीटाडीन चालतं' असा सर्रास सांगितला जातो. पोटातली घाण आतूनच येत असेल, आतडं फुटलेलं असेल, तर कातडीवर काय लावलं यानं फार फरक पडणार नाही हे उघड आहे. हर्नियाची जाळी किंवा सांधा बसवताना शत्रू मुख्यतः कातडीवरूनच येतो. तेव्हा तो निष्कर्ष सरसकट सगळीकडे नेऊ नये. पण ज्या ग्रामीण रुग्णालयात बीटाडीनच आहे, तिथे ते नीट लावून वाळू दिलं तर अपराधी वाटून घ्यायचंही कारण नाही.

अस्थिभंग:

मान्य. हाडांच्या बाजूचं थोडं. पाऊल आणि बोटांच्या बेचक्या सगळ्यांत कठीण. नुसतं वरून रंगवून उपयोग नाही, प्रत्येक बेचकीत गॉज ओढून घासावं लागतं, नखांखालचा मळ आधी ब्रशनं काढावा लागतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या टाचांच्या भेगांना वॉर्डात आदल्या दिवशीच साबण-पाण्यात भिजवून ठेवा. प्लॅस्टर काढल्यावर मेलेल्या कातडीचा पापुद्रा असतो, तो धुतल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते पापुद्र्यालाच लागतं.

खांदा वेगळा. तिथल्या तैलग्रंथींत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू असतो आणि तो दोन्ही द्रावणांना पुरून उरतो. मुरुमांसाठीचं ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड ऑपरेशनच्या आधीचे दोन-तीन दिवस लावलं तर त्याची संख्या घटते. कपड्यांचा रंग उडतो हे पेशंटला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी लावणार नाही.

फार्मसीवाला:

लेबलवर एक सापळा आहे, त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेटचं फार्माकोपियातलं मूळ द्रावण २० टक्के असतं. बाटलीवर 'क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट द्रावण २.५ टक्के व्ही/व्ही' (आकारमानाच्या हिशेबानं) लिहिलं असेल तर ते मूळ द्रावणाचं प्रमाण आहे. प्रत्यक्ष क्लोरहेक्झिडिन त्याच्या पाचवा भाग, म्हणजे ०.५ टक्के डब्ल्यू/व्ही (१०० मिलीत अर्धा ग्रॅम). भिंतीवर लावलेली हातांची बहुतेक निळी-गुलाबी रब याच ताकदीची असतात. २ टक्के हवं असेल तर लेबलवर '१० टक्के व्ही/व्ही, म्हणजे २ टक्के डब्ल्यू/व्ही' असं दिसलं पाहिजे. खाली बारीक अक्षरात 'इक्विव्हॅलंट टू' च्या पुढे काय आहे ते वाचा, खरेदी त्यावर करा.

म्हणूनच हातांची रब पेशंटच्या पोटावर ओतणं चूक. ताकद कमी, वर त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात. ते वाळायला वेळ लावतात आणि ड्रेपचा गोंद धरू देत नाहीत.

बीटाडीनचंही तसंच. ७.५ टक्के सर्जिकल स्क्रबमध्ये डिटर्जंट असतं, फेस येतो, ते हात आणि कातडी धुवायला, नंतर काढून टाकायला. ५ आणि १० टक्के सोल्युशन लावून ठेवायला. स्क्रब लावून तसंच सोडलं तर कातडी सोलवटते. बाटल्या सारख्याच दिसतात, कपाटात वेगळ्या खणांत ठेवा.

ओटीत बसून क्लोरहेक्झिडिन आणि स्पिरिटचं मिश्रण करू नका. प्रमाण चुकतं, पाणी कुठलं घातलं यावर साका बसतो, आणि बाटलीवर तारीख कुणी टाकत नाही.

सूक्ष्मदर्शी:

फार्मसीवाल्यांनी बाटलीचा विषय काढलाच आहे तर: जंतुनाशकातही जंतू वाढतात. बुरखोल्डेरिया सेपेशिया आणि स्युडोमोनास हे दोघे त्यात मुरलेले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत कारखान्यातूनच आलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये पहिला सापडला होता, आणि पाण्यातलं पातळ क्लोरहेक्झिडिन तर त्यांच्या फार आवडीचं. त्यामुळे:

अर्ध्या बाटलीत नवीन द्रावण ओतून भरू नका. संपली की टाका. पाच लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटल्या भरत असाल तर त्या बाटल्या धुऊन, वाळवून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करून) मगच.

उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

गॉज किंवा कापूस द्रावणात बुडवून साठवू नका. कापूस क्लोरहेक्झिडिन ओढून घेतो, मागे पातळ पाणी उरतं.

चीटल फोर्सेप्स (निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा) सॅव्हलॉनच्या बरणीत उभा ठेवायची पद्धत बंद करा. कोरडी ऑटोक्लेव्ह केलेली बरणी आणि फोर्सेप्स, ठरावीक तासांनी बदलायची. बरणीच्या तळाचा नमुना लॅबला पाठवून बघा, वाद मिटेल.

प्रसूतिकक्ष:

नाजूक जागांचं कुणीतरी लिहायला हवं. अल्कोहोल श्लेष्मल त्वचेवर कधीच नाही. सिझेरियनच्या आधी योनिमार्ग पाण्यातल्या पोव्हिडोन आयोडीननं पुसून घ्यावा असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. कळा सुरू झालेल्या किंवा पाणमोट फुटलेल्या बाईला याचा जास्त उपयोग. स्पंज होल्डरवर गॉज, साधारण अर्धा मिनिट फिरवायचा, कॅथेटर घालतानाच करून घेतलं की वेळ जात नाही. पोटासाठी वेगळा सेट.

नवजात, त्यातही मुदतीच्या खूप आधी जन्मलेलं बाळ: अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्झिडिननं पाठीखाली साचून खोल भाजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आयोडीन शोषलं जाऊन थायरॉइड मंदावतं. कमीत कमी द्रावण, साचू न देणं, काम झालं की सलाईननं पुसून घेणं.

नेत्रमित्र:

डोळ्याला फक्त पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन. पापण्यांना १० टक्के, डोळ्याच्या आत ५ टक्के, तीन मिनिटं, मग धुवायचं. मोतिबिंदूनंतरचा एंडोफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतलं इन्फेक्शन) कमी करणारी एवढी भक्कम दुसरी गोष्ट नाही. स्क्रब चुकूनही नको, डिटर्जंटनं कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) जातो. क्लोरहेक्झिडिन-अल्कोहोल चेहऱ्याला लावताना डोळ्यात ओघळलं तर कॉर्निया कायमचा पांढरा पडू शकतो. कानाच्या बाबतीत ईएनटीवाले सांगतील, पण पडदा फाटलेल्या कानात क्लोरहेक्झिडिन गेलं तर बहिरेपण येतं.

आणि लिडोकेन जेल आयोडीनच्या आधी लावू नका. जेलचा थर असला की आयोडीन पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. आधी थेंबांनी बधिर, मग आयोडीन, मग जेल.

भूलभुलैया:

ॲलर्जीबद्दल. 'कोळंबीची ॲलर्जी आहे म्हणून बीटाडीन नको' हे केसपेपरवर वारंवार दिसतं. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नाही. बीटाडीन लावता येतं. उलट क्लोरहेक्झिडिनची खरी ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) होते, दुर्मीळ असली तरी. माउथवॉशनं ओठ सुजणं, कॅथेटरच्या जेलनंतर अंगावर गांध्या, असं काही आधी झालंय का ते विचारा. भूल देताना अचानक बीपी कोसळलं तर सगळे भुलीच्या औषधांवर संशय घेतात, क्लोरहेक्झिडिनचं नाव कुणाला सुचत नाही. सेंट्रल लाइनवरही (मोठ्या शिरेत घालायच्या नळीवरही) ते लावलेलं असू शकतं.

निरभ्र:

सगळं वाचतोय, खूप कळलं. एक शेवटचा, अगदी साधा प्रश्न. पेशंट बाहेर आला की पोट-पाठ पिवळी दिसते. ते घरी गेल्यावर पुसायचं का? आणि टाक्यांवर रोज बीटाडीन लावायचं का?

ओटीताई:

बीटाडीन पाठीखाली, कुशीत साचलेलं असतं, ते ओटीतून बाहेर काढण्याआधीच ओल्या कपड्यानं पुसून कोरडं करायला हवं. राहिलं असेल तर वॉर्डात पुसून घ्या, ड्रेसिंग सोडून. रात्रभर तसंच राहिलं तर तिथे पुरळ उठतं. रंगीत क्लोरहेक्झिडिन असेल तर पुसायची घाई नाही, ते कातडीवर राहिलेलं बरं. पहिल्या अंघोळीत जातं.

टाक्यांचं म्हणाल तर स्वच्छ, कोरड्या, शिवलेल्या जखमेला रोज बीटाडीन लागत नाही. ओटीत लावलेलं ड्रेसिंग कोरडं असेल तर दोन दिवस, म्हणजे ४८ तास, उघडू नका. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं तर अंघोळ, टिपून कोरडं. हळद, तूप, पावडर नको. लाली पसरतेय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पाणी किंवा पू येतोय, ताप आहे, यांपैकी काहीही दिसलं तर तीस दिवसांपर्यंत कधीही दाखवा. आत जाळी, प्लेट किंवा सांधा बसवला असेल तर नव्वद दिवसांपर्यंत.